वरच्या एक टक्क्याची कमाई आयकर विवरणपत्रांतून खरंच कळते का?

हिशेबनीस
भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांचा देशाच्या उत्पन्नातला वाटा १९८२च्या आसपास ६ टक्क्यांच्या घरात होता, तो २०२२-२३ मध्ये २२.६ टक्के झाला, असं अर्थतज्ज्ञ पिकेटी, शांसेल आणि त्यांच्या दोन भारतीय सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलं. रीत अशी: आयकर खात्याच्या तक्त्यांत उत्पन्नाच्या कुठल्या टप्प्यात किती विवरणपत्रं आणि त्यांचं एकूण उत्पन्न किती, ते मिळतं. टप्प्यांमधली जागा पॅरेटोच्या सूत्राने (उत्पन्न चढत जातं तशी माणसं कशी घटत जातात, त्याचं गणित) भरायची आणि राष्ट्रीय उत्पन्नाने भागायचं. घरोघरच्या सर्वेक्षणात कोट्यधीश सापडतच नाहीत, त्यामुळे मला हीच वाट बरी वाटते.

कोरडवाहू
शेतीचं उत्पन्न करमुक्त. आमच्या तालुक्यात बंगल्यापुढे तीन गाड्या असलेले कागदोपत्री शेतकरीच. ते कुठल्या टप्प्यात बसवले?

हिशेबनीस
@कोरडवाहू, ते सुटले म्हणजे खरा आकडा २२.६ च्याही वर. माझंच म्हणणं बळकट होतंय की!

जमाखर्च
थांबा, एवढ्यात टाळ्या नकोत. १९७३-७४ मध्ये आयकराचा कमाल दर अधिभारासह (करावरचा जादा कर) ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवायला कोण खरं उत्पन्न दाखवेल? पुढे दर उतरत गेला, १९९७ मध्ये ३० टक्क्यांवर आला, आणि लोक दाखवू लागले. म्हणजे तुमचा ६चा आकडाच मुळात खोटा असू शकतो. श्रीमंती वाढली की कबुली वाढली, हे तक्ता सांगत नाही. त्यात १९९९-२००० नंतर खात्याने हे तक्ते छापणंच थांबवलं, ते पुन्हा आले २०१६ मध्ये. मधली वर्षं अंदाजाने जोडलेली. लाभांशाचंही, म्हणजे कंपनीने भागधारकांना वाटलेल्या नफ्याचंही, तेच. १ एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या हाती करपात्र झाला. त्यानंतर वरच्या थरात फुगवटा दिसला तर तो कमाईचा की कायद्याचा?

हिशेबनीस
दराचा मुद्दा १९९७पर्यंत मान्य. पण त्यानंतर पायाभूत दर तिथेच राहिला, उलट श्रीमंतांवर अधिभार चढले, तरी वाटा वाढतच गेला. त्याला कबुली कशी म्हणणार?

जमाखर्च
पॅन, बँकेची माहिती, संगणक. पकडले जाण्याची धास्तीही कबुली देते, साहेब.

हिशेबनीस
मग फक्त पगाराचा रकाना काढू. तिथे कर (टीडीएस) पगार देतानाच कापला जातो, लपवायला फारशी जागा नाही. तोही असाच चढलेला दिसला तर काय म्हणाल?

कोरडवाहू
आणि माझे तीन गाडीवाले?