एकाच अँटीबॉडीवर निदान नको

स्नायूच्या बायोप्सीच्या छेदावर डिस्ट्रोफिन या स्नायूतंतूच्या पटलालगतच्या प्रथिनाची अँटीबॉडी (ते ओळखून चिकटणारा रेणू, जो चमकून दिसतो) लावली, रंग आला नाही, म्हणजे प्रथिन नाहीच आणि आजार डुशेन (स्नायू झिजवणारा गंभीर अनुवांशिक आजार), असा एक दावा आहे. इथे जरा थांबायला हवं. मोनोक्लोनल अँटीबॉडी ४२७ किलोडाल्टनच्या या अवाढव्य प्रथिनाचा एक छोटासा तुकडाच ओळखते. बेकर या त्याच आजाराच्या सौम्य प्रकारात नेमका तोच तुकडा गळालेला असेल, तर बाकीचं प्रथिन जागेवर असूनही स्लाइड काळीच दिसते. म्हणून सुरुवातीचं टोक, मधला दांडा आणि शेवटचं टोक अशा तीन ठिकाणच्या अँटीबॉडी लावतात.

सोबत तुलनेसाठी स्पेक्ट्रिन या पटलालगतच्या दुसऱ्या प्रथिनाची अँटीबॉडी हवीच हवी. निरोगी छेदात प्रत्येक तंतूभोवती बारीक, सलग कडं उजळतं. स्पेक्ट्रिनचंही कडं तुटक दिसलं तर तंतूचं पटलच खराब झालंय, मग डिस्ट्रोफिनच्या निकालाला अर्थ उरत नाही.

आणखी एक, डुशेनच्या बायोप्सीतही एखाददुसरा तंतू लख्ख चमकतो. ते रिव्हर्टंट तंतू, म्हणजे ज्यांत डिस्ट्रोफिन पुन्हा बनू लागलेलं असतं; त्यांच्यावरून बेकर म्हणू नका. शंका राहिलीच तर वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, उतरवण्याची चाचणी) करा, प्रथिन आखूड झालंय का ते तिथे कळतं. फक्त एवढं मोठं प्रथिन जेलमधून मेम्ब्रेनवर उतरायला वेळ लागतो, घाई केलीत तर पट्टा खोटाच फिका येईल.