गर्दी निर्दय असते का?

पांथस्थ:
न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळच खून झाला. ३८ जणांनी पाहिलं, पण कोणी पोलिसांना कळवलं नाही, अशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ची बातमी गाजली. तेव्हापासून गर्दीला आपण निर्दय ठरवून मोकळे झालोय. मला हे पटत नाही. डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एका प्रयोगात इंटरकॉमवरून एकाला अपस्माराचा झटका (फिट) आल्याचा आवाज लोकांना ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. पण जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. याला निर्दयपणा कसं म्हणायचं?

अबोली:
मुळात ती बातमीच फुगवलेली होती. २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्राने तसं मान्य केलं. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं (तो नंतर परत आला), आणि एक शेजारीण शेवटी तिला कवेत घेऊन बसली होती. शिवाय ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तर १० पैकी ९ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलंच होतं. लोक मदत करतात!

पांथस्थ:
'कोणी ना कोणी' आणि 'मी' यात फरक आहे. माणसं जास्त, तर एखादा तरी पुढे येण्याची शक्यता जास्त. तरीही प्रत्येकाचं पाऊल जड होऊ शकतं. शिवाय मारामारी डोळ्यांना दिसते. झटका, चक्कर, धूर यांत आधी काय घडतंय तेच उमगत नाही.

सावली:
हे मी अनुभवलंय. जिन्यात एक आजोबा बसले होते, घामाघूम. बाकीचे शांतपणे बाजूने जात होते, म्हणून मला वाटलं, दम लागला असेल. मीही शांतच दिसले असणार, आणि माझ्याकडे बघून मागचे पुढे गेले. तो हृदयविकाराचा झटका होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. अजून झोपताना आठवतं.

अबोली:
सावली, तुमचं दुःख खरं आहे. पण 'परिस्थितीने थांबवलं' म्हटलं की कोणालाच जाब विचारता येत नाही. थांबून 'बरं वाटतंय ना?' एवढं विचारायला मानसशास्त्र लागत नाही.

पांथस्थ:
जाब विचाराच. पण त्या प्रयोगातल्या लोकांना नंतर विचारलं, तेव्हा इतरांच्या असण्याचा आपल्यावर काहीही परिणाम झाला नाही, असंच ते ठामपणे सांगत राहिले. जे आपल्याला थांबवतंय ते जाणवतच नसेल, तर नुसता जाब विचारून पुढच्या वेळी पाऊल उचललं जाईल कसं?