परसबागेसाठी खोरं घ्यायचंय, चांगलं कसं ओळखायचं? (सातारा, खाली मुरूम)

शाहूपुरीची_परसबाग

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी पोस्टातून निवृत्त झाले. घर शाहूपुरीत, यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगाला. मागे जेमतेम गुंठाभर जागा, ती इतकी वर्षं धुण्याच्या दोऱ्यांना आणि कण्हेरीला दिली होती. आता तिथे एक कागदी लिंबू, एक कढीपत्ता, अळूचा वाफा आणि अक्षय्य तृतीयेला दोन सऱ्या हळद, एवढं करायचं आहे.

अडलंय ते अवजारावर. ऑनलाइन एक उभं फावडं मागवलं, म्हणजे पाय देऊन जमिनीत दाबायचं ते. साडेआठशे रुपये. चित्रातली बाई गुडघ्याएवढे बूट घालून हसत हसत खणतेय. मी घरातल्या चपलेवर पाय दिला. वरची वीतभर माती निघाली, मग मुरूम लागला, आणि तिसऱ्या दिवशी पातं नळीला जिथे जोडलंय तिथून वाकलं. तळव्याला काळंनिळं झालं ते वेगळंच. परत करायची मुदत दहा दिवसांची, मी अकराव्या दिवशी फोन केला.

मग मोती चौकाच्या बाजूला एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काय देऊ काकू, खोरं, फावडं, कुदळ, टिकाव?" तीस वर्षं मी गावोगावचं टपाल वेगळं केलं, पण ह्या चौघांना वेगळं करता येईना. खुरपं घेऊन घरी आले. (ते मात्र चांगलं निघालं.)

वय ६१, उंची पाच फूट, मणक्याची एक गादी सरकलेली. सासऱ्यांची अवजारं होती, ती घराला रंग काढताना भंगारात गेली. एक कुदळ तेवढी माळ्यावर राहिली आहे, बिनदांड्याची, टोक झिजून बोटासारखं गोल झालेलं.

पातं चांगलं आहे की नुसता पत्रा आहे, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? कंपनीचं घ्यावं की लोहाराकडचं? दांडा लाकडी की पाइपचा?

ऊसकरी_वाळवा

काकू, आमच्याकडं खोरं म्हणजेच फावडं. त्यात डोकं घालू नका. कुदळ एका टोकाची, टिकावाला एकीकडं टोक आणि दुसरीकडं चपटं पातं. झालं.

तुमचं चुकलं ते इथं, की एकाच अवजारानं फोडायचं आणि उचलायचं दोन्ही बघितलं. मुरूम कुदळीनं फोडायचा आणि खोऱ्यानं ओढायचा. खोऱ्यानं दगडावर घाव घालणारा माणूस आमच्या रानात आला तर मी त्याला पाण्याची घागर आणायला लावतो.

आमच्या काळ्या रानात वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी बेताची ओल, असला तर तुमचं उभं फावडं खसकन आत जाईल. ओल जास्त असली की मात्र माती पात्याला अशी धरते की निम्मं वजन तिचंच उचलताय. तुमच्यात उलटं आहे. आदल्या दिवशी सांजच्याला खड्ड्याच्या जागेवर दोन बादल्या पाणी ओता, सकाळी कुदळ हाणा. निम्मे कष्ट वाचतात.

खोरं घेताना पातं दांड्याकडं किती झुकलंय ते बघा. उसाची दारं धरायला, म्हणजे सरीसरीनं पाणी पाजायला, आम्हाला जास्त झुकलेलं लागतं, चिखल उचलून सरीच्या तोंडाला टाकायला. माती ओढायला आणि वाफे बांधायला जरा मोकळं बरं, वाकावं कमी लागतं. आणि पात्याची कड सरळ घ्या, गोल नको. २०१९ च्या पुरानंतर घरातला गाळ काढताना कळलं. गोल पात्यानं फरशीवर नुसत्या रेघा उठत होत्या.

दुकानात सगळंच हलकं वाटतंय. हातात घेऊन वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा. दुकानदार हसला तर हसू द्या.

ऐरण_मिरज

आजोबांचा भाता तासगावकडच्या गावात होता. मी कुपवाडला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आहे. म्हणजे धंदा तोच, फक्त भाता विजेवर चालतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

काकू, दुकानात जाताना एक छोटी कानस पिशवीत टाका. पात्याच्या धारेवर हलकी फिरवून बघा. साध्या पत्र्यावर ती सरसर चावत जाते आणि चकचकीत चरा पडतो. नीट पाणी दिलेल्या पात्यावर चालते, पण जोर मागते. आणि काचेवरून जावी तशी नुसती घसरली तर तेही नको, ते पातं दगडावर टवके टाकेल. पातं दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडाने ठोकलं तर आवाज लांबला पाहिजे. भद्द वाजलं तर कुठेतरी भेग आहे किंवा जोड कच्चा आहे.

पाणी देणं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. पातं लालभडक तापवून बुडवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग पुन्हा थोडं तापवून तो कडकपणा उतरवायचा. त्या वेळी घासलेल्या जागेवर रंग धावतात, आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. माती खणायच्या अवजाराला आजोबा जांभळा सरून निळा आला की थांबायचे. तो निळा म्हणजे साधारण ३०० अंश, हे मला भट्टीवर लागल्यावर कळलं. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, दाराला गोणपाट होतं. उजेडात रंग दिसत नाही.

साध्या पत्र्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, त्याला पाणी चढतच नाही, कितीही बुडवा. ट्रकच्या पाट्यात, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीत, तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून गावचा लोहार पाट्याचं पातं करतो. तुम्ही लोहाराकडे गेलात तर हेच विचारा, "पाट्याचं आहे का?" कंपनीचं विचाराल तर टाटा अ‍ॅग्रिकोसारख्यांचा फायदा हा की दहा पाती घेतली तर दहाही सारखी निघतात. लोहाराचं त्याच्या हातावर असतं. पण बोथट झालं की कंपनी शेवटून (तापवून, ठोकून पुन्हा धार-टोक काढून) देत नाही, लोहार देतो.

आता नेढं. दांडा जातो ते भोक. पातं आणि नेढं एकाच तुकड्यातून घडवलेलं हवं. नेढं वेगळं करून वेल्डिंगने चिकटवलं असेल तर जोडाशेजारी पाण्याची मेहनत वाया जाते, आणि घाव बरोबर तिथेच बसतो. काळ्या रंगाखाली जोड झाकलेला असतो, नखाने चाचपून बघा. तुमचं ऑनलाइनचं नळीपाशी वाकलं ते नवल नाही.

दांडा बाभळीचा, किंवा मिळाला तर धामणीचा. धामण लवते, दणका मनगटापर्यंत पोचू देत नाही. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून गेल्या पाहिजेत. तिरप्या जाऊन कडेला संपत असतील तर तिथेच मोडणार. रंगवलेला दांडा घेऊच नका, रंग गाठी लपवायला असतो. पाइपचा मोडत नाही हे खरं, पण मुरुमावर झिणझिण्या कोपरापर्यंत येतात, आणि उन्हात ठेवला की हात लावून बघा.

एक सवय मात्र मोडा. दांडा हलायला लागला की लोक अवजार रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं, घट्ट बसतं, आपण खूश. पण नेढ्यात फुगायला जागा नसते, लाकडाचे धागे चेंगरतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतं. पाचर मारा. दांड्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा.

कराडची_गच्ची

सगळ्यांनी उभ्या फावड्याला झोडपलंय म्हणून लिहिते. ते वाईट नसतं, तुमचं वाईट होतं. मी सहा वर्षं वापरतेय, कंबरेचंच दुखणं आहे म्हणून. पाय ठेवायला वरची कड दुमडलेली हवी, नाहीतर तळव्यात रुततेच. नळी दांड्यावर वीतभर तरी चढलेली हवी. उभं धरलं की दांड्याचं टोक तुमच्या कोपराच्या वर आणि छातीच्या खाली यावं. आणि बूट घाला हो! मुलाचे जुने शाळेचे चालतात. मुरुमात नाही चालणार ते, कबूल. पण एकदा खड्डा भरून शेणखत घातलं की पुढची सगळी उलथापालथ त्यानेच करा.

खोऱ्याचा दांडा मी पुसेगावच्या यात्रेतून आणला होता, अजून आहे.

शाहूपुरीची_परसबाग

सगळ्यांचे आभार. (नेढं म्हणजे मला राजगडावरचं ठाऊक. कॉलेजात असताना त्यात बसून भेळ खाल्ली होती.)

शेजाऱ्यांची कानस घेऊन गेले. पहिल्या दुकानात सरसर चावली. दुसऱ्या दुकानात मालक म्हणाला, "काकू, सोनं घ्यायला आलाय का?" मी म्हटलं, तसंच समजा. मग त्यानेच आतून जुन्या मालातलं एक पातं काढलं, त्यावर कानस जोर मागत होती. शेजारच्या किराणा दुकानात वजन केलं, एक किलो चारशे ग्रॅम. दांडा बाभळीचा घेतला, वीस वेळा वर-खाली केलं, कुणी हसलं नाही.

सासऱ्यांची कुदळ लोहाराकडे दिली होती. त्याने ती भट्टीत धरली आणि म्हणाला, ही आधी दोनदा शेवटून झालीय, टोकाला नवं पोलाद जोडलेलं दिसतंय. आम्हाला घरात कुणाला माहीत नव्हतं. मी तर ती भंगारवाल्याच्या तराजूत ठेवलीच होती, तो म्हणाला एवढ्याशा लोखंडाचं काय देऊ, म्हणून माळ्यावर गेली.

आदल्या रात्री पाणी ओतून रोज सकाळी अर्धा तास खणते. पाच दिवसांत लिंबाचा खड्डा दीड फूट झाला. दीड फूट पुरतो ना लिंबाला?

ऊसकरी_वाळवा

न्हाई पुरत. दोन फूट करा. आणि लगेच भरू नका, पंधरा दिवस उन्हात तापू द्या.