दिवाळीच्या सुट्टीत काय काय बघितलं? घरातल्या सगळ्यांबरोबर बघता येईल असं सुचवा

भाजणी (कोथरूड)

नमस्कार मंडळी, फराळाचे डबे तळाला गेले, भाऊबीज होऊन पाहुणे परतले पण पोरांच्या शाळा अजून सुरू व्हायच्यात म्हणून हा धागा काढतेय.

यंदा आमच्याकडे सासूबाई सासरे, नणंदेकडचे चौघं आणि आमची दोन पोरं असे सगळे एकत्र होते आणि टीव्ही एकच. दुपारची जेवणं आवरली की रोज तोच प्रश्न, काय लावायचं. ज्या सिरीजचं नाव काढावं तिच्यात पहिल्या दहा मिनिटांत आईबहिणीवरनं शिव्या नाहीतर नको ते सीन, मग रिमोट कुठंय रिमोट कुठंय. सासरे काही बोलत नाहीत, उठून गॅलरीत जातात, आणि मला ते फार लागतं. सणाला माणूस आपल्या माणसांत बसायला आलेला असतो हो.

शेवटी गुल्लक लावली, सोनी लिव्हवर आहे. चार सीझन बघितले, प्रत्येक सीझन पाचच भागांचा आणि भाग अर्ध्या तासाच्या आसपास, त्यामुळे दुपारी दोनतीन भाग सहज होतात. उत्तरेतल्या छोट्या शहरातलं मिश्रा कुटुंब, वडील वीज खात्यात नोकरीला, आई घरात, दोन मुलगे आणि गोष्ट सांगतो तो घरातला मातीचा गल्ला. बास एवढंच. आईचं काम गीतांजली कुलकर्णींनी केलंय, सासूबाईंना पहिले दोन भाग पटतच नव्हतं की ही बाई मराठी आहे, बोलण्याचा सूर, पदर खोचणं, नवऱ्यावर डाफरणं सगळं तिकडचं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी वडिलांच्या आजारपणाचा भाग येतो तेव्हा हॉलमध्ये कुणी मोबाईलला हात लावला नाही. आणि संपल्यावर सासरे एकदम त्यांच्या पहिल्या नोकरीतले पगाराचे किस्से सांगायला लागले, जे माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकले नव्हते. मला वाटतं सुट्टीत बघायची गोष्ट अशी असावी, टीव्ही बंद केल्यावर घर बोलायला लागलं पाहिजे.

नंतर पंचायतचा चौथा सीझन बघितला (फुलेरा गावच्या ग्रामपंचायतीची गोष्ट, २०२५च्या जूनमध्ये आला होता, राहिला होता). पहिले दोन सीझन माझे फार लाडके. पण चौथ्यात नुसती निवडणूक निवडणूक आणि निवडणूक, चिन्हं लौकी विरुद्ध कुकर, आठही भाग तेच. फुलेरातला तो निवांतपणा कुठे गेला? तुम्हाला काय वाटलं सांगा. आणि अजून आठवडाभर पुरेल असं काहीतरी सुचवा, आजीआजोबा ते सातवीतला मुलगा सगळ्यांना चालेल असं.

---

सिंहगडरोडवाला

ताई गुल्लकला +१, पण पंचायतबद्दल अजिबात पटलं नाही. (पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी गाळा)

माझं गाव भोर तालुक्यातलं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावात दुसरा विषयच नसतो. दोन पॅनल पडतात, चुलत भाऊ एकमेकांकडे चहाला जायचे बंद होतात, चिन्ह मिळालं की ती वस्तू प्रत्येक उंबऱ्यावर दिसायला लागते. तुम्ही म्हणताय निवांतपणा गेला, अहो निवडणुकीत गावाचा निवांतपणा जातोच, तेच तर दाखवलंय. उलट मला हा सीझन बघताना पहिल्यांदा वाटलं की लिहिणारा खरंच गावात राहून आलाय.

दुसरं म्हणजे मंजूदेवी. पहिल्या सीझनला, २०२० साली, ती नावाची प्रधान होती, कारभार सगळा नवरा बघायचा. त्या सीझनचा शेवटचा भाग आठवा, २६ जानेवारीला झेंडावंदन आहे आणि तिला राष्ट्रगीत पाठ करायचंय. तिथपासून चौथ्या सीझनपर्यंत ती बाई किती लांब आलीय. आपल्याकडे २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत पण खुर्चीवर बाई आणि सही सांगणारा नवरा हे मी स्वतःच्या गावात वर्षानुवर्षं बघितलंय. हळूहळू काही जणी स्वतः तालुक्याला जाऊन बीडीओशी बोलायला लागल्या, ते पण बघितलंय. त्यामुळे मंजूदेवी हरते तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण जेव्हा ती खरी प्रधान झाली होती तेव्हाच हरली. ही गोष्ट दोनतीन भागांत उरकता आली नसती.

एक मान्य करतो, पंचायतीचे सचिवजी आणि मंजूदेवीची मुलगी रिंकी यांचं प्रेम फारच रेंगाळत ठेवलंय.

---

भाजणी

दादा मंजूदेवीचा मुद्दा पटला, या बाजूने मी बघितलंच नव्हतं. तरी पण उपप्रधान प्रल्हादला हवा होता तेवढा वाटा मिळाला नाही असंच वाटतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा जवान मुलगा शहीद होतो आणि तिसऱ्यात तो घरी न जाता कुठेतरी पारावर पडलेला असतो, भरपाईचे पैसे आलेत पण ते कुणासाठी वापरायचे तेच त्याला कळत नाही... फैसल मलिकने ते काम असं केलंय की माझ्या सासूबाई त्याला अजून "तो बिचारा" म्हणतात, नाव घेत नाहीत. चौथ्यात तो प्रचारात पळापळ करणारा एक कार्यकर्ता होऊन गेला.

---

रात्रपाळी

हिंजवडीत सपोर्टला आहे, दिवाळीतही शिफ्ट होती, बायको आणि मुलगी साताऱ्याला माहेरी गेलेल्या त्यामुळे मी पहाटे घरी येऊन एकट्याने बघितलं. तुमच्या यादीत बसणार नाही पण मत मागितलंय म्हणून लिहितो.

पाताल लोक सीझन दोन, पोलीस तपासाची सिरीज. २०२५च्या जानेवारीत आला होता. पहिला सीझन २०२० चा, तो बघितला नसेल तर आधी तो बघा. दुसऱ्यात पोलीस इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी दिल्लीहून एका खुनाच्या तपासात थेट नागालँडला जातो, दिमापूरला. आणि इथे त्यांनी जे केलंय ते हिंदीत मी आधी कुठे बघितलं नव्हतं, तिथली माणसं तिथलीच भाषा बोलतात, लांबच्या लांब संवाद नागामीजमध्ये आणि खाली सबटायटल. ईशान्येतली माणसं म्हणजे मागे उभी असलेली शोभेची चार डोकी असं नाही, त्यांचे हेवेदावे, त्यांची घरं, त्यांचं दुःख सगळं पूर्ण वजनाने येतं. आसामी दिग्दर्शक जानू बरुआ यांनी त्यात एक मोठं काम केलंय, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवता समोरच्याला गप्प करतात.

आणि एक पुण्याची गोष्ट जी मला फार आवडते. दिग्दर्शक अविनाश अरुण, म्हणजे आपला मराठी किल्ला सिनेमा केलेले, आणि हाथीराम झालेला जयदीप अहलावत, दोघंही आपल्या लॉ कॉलेज रोडच्या एफटीआयआयचे, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचे. दिल्ली क्राईममधली रसिका दुगलही तिथलीच. मी रोज कॅबने त्या गेटवरून जातो, आत कोण पोरं आत्ता शिकत असतील असा विचार येतो.

हाथीराम मला इतका का आवडतो तर तो हुशार नाहीये, थकलेला आहे, त्याच्या हाताखालचा पोरगा परीक्षा देऊन त्याच्या वर साहेब होऊन बसलाय आणि तरी त्या पोराबद्दल त्याच्या मनात काही वाकडं नाही, अभिमानच आहे. नोकरीत हे किती अवघड असतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. त्या दोघांचं पुढे काय होतं ते सांगत नाही. त्या भागानंतर मी पुढचा भाग लावू शकलो नाही, ऑफिसला तसाच गेलो.

मारामारी, रक्त, शिव्या भरपूर आहेत. पोरांसमोर नको.

---

पेठेतली_सून

आमच्याकडे फक्त हास्यजत्रा, जुने भाग, एकामागून एक. सासरे हसून हसून खोकायला लागले की ब्रेक 😄 मालिका लावायच्या तर श्रीयुत गंगाधर टिपरे. २००१ ला अल्फा मराठीवर सुरू झालेली, दिलीप प्रभावळकरांचे आबा, शुभांगी गोखलेंची श्यामल. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला लँडलाईन फोन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं पण आबांच्या नातवाला, शिऱ्याला मात्र तिने लगेच ओळखलं, म्हणाली हा आपल्या दादासारखाच आहे.

---

आठवीची_आई

मी पण एकटीनेच बघितलेलं सांगते, अॅडोलसन्स, नेटफ्लिक्सवर. चारच भाग. इंग्लंडमधल्या एका साध्या घरात पहाटे पोलीस दार तोडून घुसतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला पकडून नेतात, वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय, मधे कुठे कट नाही, त्यामुळे आपल्यालाही नजर वळवता येत नाही. तिसऱ्या भागात तो मुलगा आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई, एका खोलीत, जवळजवळ तासभर नुसतं बोलणं. मधेच गोड लाघवी, मधेच अंगावर येणारा. त्या मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरला २०२५च्या सप्टेंबरमध्ये एमी पुरस्कार मिळाला, वय वर्षं पंधरा.

मला यातलं काय चिकटलं तर आईवडील वाईट नाहीत. मारझोड नाही, दारू नाही. मुलगा आपल्या खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे असं ते धरून चालले होते. माझा मुलगा आठवीत आहे, त्याच्याही खोलीचं दार बंद असतं, मीही असंच धरून चालते. पोलिसांना शाळेत त्या इमोजींचा अर्थ कळत नाही तो त्यांना एक मुलगा समजावून सांगतो ना, तो सीन बघून मी दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ बसवून विचारलं की तुमच्या ग्रुपवर या चिन्हांचा काय अर्थ घेतात. त्याने अर्धा तास सांगितलं. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. कुणाला कसं चिडवतात, कुणाला काय म्हणतात, मुलींबद्दल काय बोललं जातं. रागावले नाही, फक्त ऐकत राहिले आणि आता आम्ही रोज रात्री पाणी प्यायला उठल्यावर स्वयंपाकघरात थोडं बोलतो.

भाजणीताई, सातवीतल्या मुलाबरोबर बघू नका, पण तुम्ही आणि तुमचे मिस्टर नक्की बघा. एकाच दिवशी चारही भाग मात्र लावू नका.

---

सिंहगडरोडवाला

आठवीची आई, हे वाचून आज रात्रीच लावतो. माझा पुतण्या नववीत आहे आणि आमच्याकडेच शिकायला असतो.

---

जुना_पुणेकर

भाजणी, तुमच्या सातवीतल्या चिरंजीवांसाठी आणि सासऱ्यांसाठी एकच उत्तर, रॉकेट बॉईज. सोनी लिव्हवरच आहे, दोन सीझन, २०२२ आणि २०२३. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची मैत्री. जिम सरभचा भाभा बघाच, तो अहंकार, ते संगीताचं वेड, आणि कामासाठी पंतप्रधानांशी सरळ मैत्रीत बोलणं. नातवाबरोबर बघितली. केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडतं तो भाग बघून (२१ नोव्हेंबर १९६३) तो टाळ्या वाजवत उठला. रॉकेटचे भाग सायकलवरून नेलेले आणि चर्चच्या इमारतीत ऑफिस, हे खरं आहे का म्हणून मला चारदा विचारलं. खरं आहे.

पण एक गोष्ट मला खुपली आणि ती मुलांना सांगायलाच हवी. त्यात रझा मेहदी नावाचा जो शास्त्रज्ञ भाभांचा द्वेष करताना दाखवलाय तो काल्पनिक आहे. भाभा, साराभाई, नेहरू, कलाम या खऱ्या माणसांच्या मधोमध असं पात्र उभं केलं की मुलं तेही खरं धरतात, आणि बऱ्याच लोकांना त्यात खरोखरचे मोठे शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांची छाया दिसली. साहांसारख्या माणसाबद्दल असा समज व्हावा हे बरं नाही. मी नातवाला त्याच दिवशी साहा कोण होते ते नीट सांगितलं. दुसऱ्या सीझनमध्ये हेरगिरीचा मसालाही जरा जास्त आहे, भाभांचं विमान १९६६ मध्ये आल्प्समध्ये कोसळलं हे सत्य, त्यामागे काय होतं ते मालिकेने आपल्या मनाने रंगवलंय.

आणि बघून झाल्यावर मुलाला सांगा की भाभांनी काढलेल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचंच एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि नारायणगावजवळ खोडदला त्यांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, शाळांच्या बसेस भरून येतात. आम्ही जाणार आहोत.

तुमच्या सासूबाईंसाठी मालगुडी डेज. शंकर नाग यांचं दिग्दर्शन, कर्नाटकातल्या आगुंब्यात शूटिंग, स्वामीच्या वडिलांच्या कामात गिरीश कार्नाड. सुरुवातीला दिसणारी चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, जे शेवटची वर्षं पुण्यातच राहिले. एक भाग वीसपंचवीस मिनिटांचा, चहा होईपर्यंत संपतो.

---

भाजणी

काका किती छान सविस्तर लिहिलंत. रॉकेट बॉईज आज दुपारपासून सुरू करतोय, सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले साराभाई गेले तेव्हाची बातमी रेडिओवर ऐकलेली आठवते. रझा मेहदीचं आधीच सांगून ठेवते मुलाला. एक विचारायचं होतं, भाषा कशी आहे, शिव्या वगैरे? आणि इंग्रजी फार असेल तर सासूबाई कंटाळतील.

---

जुना_पुणेकर

हिंदीच आहे, मधे मधे इंग्रजी वाक्यं येतात पण गोष्ट अडत नाही, आमच्या हिने सगळी बघितली. सिगरेटी फार ओढतात आणि भाभा-साराभाईंच्या प्रेमप्रकरणांचे एकदोन प्रसंग आहेत, बाकी आमच्या घरात कुणाला उठून जावं लागलं नाही. सबटायटल लावून ठेवा, जुन्या बैठकांच्या सीनमध्ये आवाज बारीक येतो.