पोटाचे टाके उघडतायत, दोरा कोणता घेऊ?

सात_रस्ता: सोलापूर, सर्जरी युनिट. दोन महिन्यांत तीन बर्स्ट ॲब्डोमेन (ऑपरेशननंतर शिवलेलं पोट परत उघडणं), तिन्ही मिडलाइन (पोटाच्या मधोमध उभा छेद). क्लोजर, म्हणजे पोट शिवणं, शिकाऊ डॉक्टरांची नवी बॅच करतेय. पीडीएस (हळूहळू विरघळणारा दोरा) सोडून प्रोलीनवर (न विरघळणारा) जाऊ का? उद्या ऑर्डर द्यायचीय, लवकर सांगा.

होटगी_रोड: दोऱ्याचं नंतर. इमर्जन्सी की प्लॅन्ड? कितव्या दिवशी? आणि परत उघडल्यावर आत काय दिसलं: दोरा तुटलेला, गाठ सुटलेली, की दोरा शाबूत आणि शीथ (स्नायूंवरचा मजबूत पडदा) कापलेली?

बार्शीकर: टेन्शन सूचर (कातडीसकट सगळे थर धरणारे टाके) टाका. जाड नायलॉन, कातडीवर रबरी नळी. प्रश्न मिटला.

होटगी_रोड: नाही मिटत. कातडी कापते, दुखतं म्हणून पेशंट नीट खोकत नाही, छाती भरते. आतली चूक तशीच राहते.

लहान_टाका: कडेपासून ५ मिमी, दोन टाक्यांत ५ मिमी, २-० जाडीचा पीडीएस, लहान सुई. फक्त शीथ घ्या. चरबी-स्नायू आला की दाबाखाली विरतो आणि टाका ढिला पडतो. नेदरलँड्सच्या स्टिच चाचणीत (२०१५) वर्षभरातला इन्सिजनल हर्निया (जखमेच्या जागी आतडं बाहेर फुगणं) २१ वरून १३ टक्क्यांवर आला.

बार्शीकर: ती चाचणी प्लॅन्ड ऑपरेशनांची! मंगळवेढ्याहून तिसऱ्या दिवशी आलेल्या परफोरेशनची (आतड्याला भोक) शीथ ओल्या कागदासारखी असते. तिथं १ सेंमीच घ्या.

जुळे_सोलापूर: पट्टा चांगला घ्या, सैल नको. झोपताना काढला तरी चालतो.

सात_रस्ता: पट्ट्याचं विचारलं नव्हतं. तिन्ही इमर्जन्सी, सहावा ते आठवा दिवस. दोरा शाबूत, गाठी पक्क्या. शेवटची जखम २२ सेंमी, दोरा ९० चा, ३८ उरला.

होटगी_रोड: म्हणजे ५२ वापरला. जखमेच्या चौपट, ८८ हवा होता. सर्जन जेन्किन्सनं १९७६ मध्येच दाखवलंय, पोट फुगलं की जखम ३० टक्क्यांपर्यंत लांबते. दोरा तोकडा असला की तो शीथ कापत जातो. प्रोलीननंही तेच होईल. दोन दोरे घ्या, एक वरून, एक खालून, मध्ये ओलांडून गाठी. कडा भिडल्या की थांबा, आवळलं की रक्तपुरवठा तुटतो. नीडल होल्डरनं (सुई धरायचा चिमटा) दोरा चिमटू देऊ नका. उरलेला दोरा मोजून ऑपरेशन नोटमध्ये जखमेच्या लांबीशेजारी लिहायला लावा. नव्या मुलांना आधी खाटकाकडून बकऱ्याच्या पोटाचा पडदा आणून पट्टी ठेवून शिवू द्या.

लहान_टाका: चौपट दोऱ्यावर माझं एकमत आहे. बार्शीकरांशी वाद फक्त ५ मिमी की १ सेंमी एवढाच.

भूल_विभाग: शीथ शिवून होईपर्यंत रिलॅक्संट (स्नायू सैल ठेवणारं औषध) ओसरू देऊ नका. पोट ताठ असलं की शिवणारा ओढतोच.

सात_रस्ता: समजलं. अजून एक, आजच्या पाचव्या दिवसाच्या पेशंटचं ड्रेसिंग सकाळपासून गुलाबी पाण्यानं भिजतंय. कातडीचे टाके मात्र ठीक वाटतात. उद्या बघू का?

होटगी_रोड: उद्या नाही, आत्ता. तीच पहिली खूण. कातडीचे दोन टाके काढून निर्जंतुक हातमोज्यानं शीथवर बोट फिरवा. फट लागली तर सलाइनचे ओले मॉप (कापडी घड्या), नाकातून नळी, सिनिअरना फोन आणि थेट ओटी.