मदत हवी आहे: कॉकर स्पॅनियलला फील्ड ट्रायलसारखं ट्रेनिंग, मुंबईत कुठे?

आमची कॉकर कुत्री दीड वर्षांची आहे, नाक सतत जमिनीला आणि शिवाजी पार्कात कबुतरं दिसली की सुसाट. इंग्लंडमधल्या फील्ड ट्रायल्सबद्दल, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांबद्दल, वाचलं, तिथे स्पॅनियल बंदुकीच्या टप्प्यात राहूनच नागमोडी धावत झुडपं धुंडाळतो, पक्षी उडवतो, आणि खरी परीक्षा म्हणजे पक्षी उडाला, गोळी सुटली तरी जागच्या जागी बसायचं, हुकूम मिळाल्यावरच उचलून आणायचं आणि तेही दात न रुतवता! ते बसणं मला फार आवडलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे, मला फक्त कापडी डमी आणि शिट्टीवर शिकवायचंय. ठाणे-बोरिवलीकडे कोणी ट्रेनर माहितीये का? आधी थांबायला शिकवू की आणायला?