परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन बुलेटवर कन्याकुमारी: नेता येतं का, आणि न्यावं का? (मदत हवी आहे)

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी. मुक्काम पोस्ट विटा, जिल्हा सांगली. संक्रांत झाली की मी आणि एक मित्र, दोघं दोन बुलेटवर कन्याकुमारीला निघतोय. कराडला हायवेला लागायचं, मग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, सेलम, मदुराई आणि तिथून सरळ खाली. येताना कोइम्बतूर, उटी आणि बंदीपूरच्या जंगलातून म्हैसूर असा बेत आहे. मुक्कामाची चिंता नाही. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी सगळ्या दक्षिणेत पसरलेली आहेत. सेलमला चुलते, कोइम्बतूरला मावसभाऊ, मदुराईत गाववाले. भाकरी-आमटीपासून पंक्चर काढणाऱ्यापर्यंत सगळी सोय होते.

अडलंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. माझ्या नावावर पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं. सोन्याच्या धंद्यामुळं परवाना मिळाला. नूतनीकरण वेळेवर, निवडणूक लागली की ठाण्यात जमा, संपली की पावती दाखवून परत, सगळं रीतसर चाललंय. आता अण्णांचं म्हणणं, एवढ्या लांब चाललायस तर कमरेला असू दे. त्यांचा उभा जन्म रेल्वेत सोनं सांभाळत गेला. बनियनच्या आत शिवलेल्या खिशात माल आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यामुळं त्यांची भीती कुठून येते ते मला कळतं. घरात दुसरा पक्षही आहे. सौ. विचारते, फिरायला चाललाय का दरोडा घालायला?

मी परवान्याचं पुस्तक काढून बघितलं. क्षेत्राच्या रकान्यात 'महाराष्ट्र राज्य' एवढंच आहे. कागल सोडून कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक. मग नुसतं तिथून पुढं जायचं असेल, कुठं बाहेर काढायचंच नसेल, तरी तो रकाना आडवा येतो का? पंधरा दिवसांपुरती परवानगी मिळते का, आणि ती कुणाकडं मागायची? मिळाली तर बुलेटवर ठेवायचं कुठं: कमरेला, टँक बॅगेत का सॅडल बॅगेत? आणि नाहीच नेलं, तर मी नसताना ते घरच्या कपाटात राहिलं तर चालतं का? शेवटचा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला, पण कुणी धड उत्तर दिलं नाही.

'कोण विचारतंय, न्या बिनधास्त' असं सांगणारे इथं गल्लीत भरपूर आहेत. कायदा माहीत असणाऱ्यांनी किंवा लांबच्या राइडचा अनुभव असणाऱ्यांनी सांगावं.


हँडलवर_हात:

कोण विचारतंय, न्या बिनधास्त 😄


माजी_सुभेदार:

वरच्या भावानं मस्करी केली असेल, पण ती वाचून कुणीतरी खरंच नेईल, म्हणून सविस्तर लिहितो. मी साताऱ्याकडचा. फौजेतून आल्यावर बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना काढून बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभा राहिलो, त्यामुळं या कागदांशी रोजचा संबंध होता.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच लिहिलंय. रकान्यात महाराष्ट्र आहे ना? मग कोगनोळीच्या पुढं त्या रिव्हॉल्व्हरला परवाना नाही. बाहेर काढलं की नाही याचा संबंधच येत नाही, जवळ असणं हाच मुद्दा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. परवान्याची अट मोडली तर कलम ३० प्रमाणं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हे झालं मवाळ कलम. परक्या राज्यातल्या ठाण्यात, परक्या भाषेत, समोरच्यानं कलम २५ लावायचं ठरवलं तर? ते बिगरपरवाना हत्याराचं कलम, त्याची शिक्षा वर्षांत मोजतात. 'साहेब, आमच्याकडं पुस्तक आहे' हे तुम्ही चित्रदुर्गला मराठीत सांगणार का हिंदीत? पुढं कोर्टात सुटालही, पण हत्यार मुद्देमालात आणि तुम्ही तारखांना बुलेटवरून. आणि परवाना निलंबित करायचा, रद्द करायचा अधिकार तो देणाऱ्याकडं असतोच, ते निराळं.

क्षेत्र वाढवायचा अर्ज करता येतो. ज्यानं परवाना दिला त्याच्याकडंच. पुण्या-मुंबईला पोलिस आयुक्त, आपल्या सांगली-साताऱ्यात आयुक्तालय नाही म्हणून जिल्हाधिकारी. पण अर्जात कारण लिहावं लागतं. धंद्याच्या मालाची ने-आण हे कारण झालं. बुलेटवरून कन्याकुमारी बघायची आहे, हे वाचून साहेब चहा पाजतील फार तर. पोलिसांचा अहवाल वगैरे होऊन संक्रांतीच्या आत कागद हातात पडेल, हा हिशोब तर धरूच नका.

महाराष्ट्रात सुद्धा सगळीकडं मोकळीक आहे असं समजू नका. सणासुदीला, आंदोलनाच्या वेळी पेपरात कोपऱ्यात बातमी येते बघा, 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. तो महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खालचा असतो आणि त्यात शस्त्रं बाळगायला बंदी असते. वाटेत प्रत्येक जिल्ह्याचा आदेश वेगळा. कुणाला सूट आहे ते त्या-त्या आदेशातच वाचायचं.

आता कपाटाचं. परवाना तुमच्या नावावर, घरातल्यांच्या नाही. तुम्ही पंधरा दिवस गावाला आणि किल्ली सौभाग्यवतींकडं किंवा अण्णांकडं, म्हणजे हत्यार कुणाच्या ताब्यात राहिलं? ज्याच्याकडं परवाना नाही त्याच्या हातात हत्यार दिलं तर देणाराही अडकतो. सरळ जमा करा. परवानाधारक शस्त्र विक्रेते, ज्यांना सांभाळायला ठेवून घ्यायची मुभा आहे ते, ठेवून घेतात. नाहीतर आपलं ठाणं आहेच. निवडणुकीला करता तेच, फक्त या वेळी आपणहून.


तिन्हीसांजा:

कायद्याचं सुभेदार काकांनी सांगितलं, मी गाडीवरचं सांगते. मी मिरजेची, माझ्या हिमालयन मोटरसायकलवर दक्षिणेत बरंच फिरले आहे.

येरळाकाठ दादा, समजा तुमच्या पुस्तकात उद्या 'संपूर्ण भारत' लिहून आलं. तरी मोटरसायकल ही हत्यार न्यायची जागा नाही. नियमात हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. सॅडल बॅग तुमच्या ताब्यात असते का हो? ढाब्यावर जेवायला बसलात, गाडी बाहेर, बॅगेला चिनी कुलूप. म्हणजे उरली कंबर. आता रायडिंग जॅकेट आणि पँटच्या मध्ये, कंबरेच्या हाडावर पाऊण किलोचा लोखंडी तुकडा बांधून दिवसभर गाडी चालवा. आम्ही नव्या मुलांना सांगतो की खिशात किल्ल्यांचा जुडगा नको, पाठीवरच्या सॅकमध्ये पाने-पक्कड नको. कारण पडल्यावर रस्ता लागतो त्यापेक्षा आपणच बांधलेली वस्तू आत घुसते. तिथं तुम्ही रिव्हॉल्व्हर म्हणताय.

आणि पडलात, शुद्ध गेली, तर? ही गोष्ट कुणी धरतच नाही. कृष्णगिरीच्या पुढं कुठंतरी लोक गोळा होतात, कुणीतरी हेल्मेट काढतं, कुणीतरी जॅकेटची चेन उघडतं. भरलेलं हत्यार त्या गर्दीत कुणाच्या हातात जाईल, आणि डॉक्टर आधी तुमच्याकडं बघतील का पोलिसांना फोन लावतील? मित्राकडं द्याल म्हणावं तर त्याच्याकडं परवाना नाही.

देवळांचंही तेच. मदुराईला मीनाक्षीच्या देवळात मोबाईल सुद्धा आत नेऊ देत नाहीत. कन्याकुमारीला विवेकानंद शिलेवर जायच्या बोटीला रांग, तपासणी. परवान्याच्या अटीतच जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार इथं हत्यार न्यायला मनाई असते. म्हणजे दर ठिकाणी एकानं बाहेर राखण करत बसायचं. मग सहल कसली?

भीती कशाची वाटते ते अण्णांना नीट विचारा. लुटारूंची असेल तर अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा आणि ११२ लक्षात ठेवा. मला विचाराल तर तुमच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा धोका विटा ते कराडमध्येच आहे. जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. पहाटे चारला निघालात की पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरच्या टेपवर फुल आवाजात गाणी. सात वाजता निघा.


चांदोलीकर:

सगळ्यांनी हायवेचं बघितलं, पण येतानाच्या वाटेकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. बंदीपूर. तो रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणं अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाताच येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही ते लागू आहे. म्हणजे शस्त्र परवाना अखिल भारतीय असला तरी तो तिथं पुरत नाही. वनखात्याच्या नाक्यावर हत्यार सापडलं तर ते तुम्हाला पर्यटक समजणार नाहीत, शिकारी समजतील. आम्ही शिराळ्याकडची माणसं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला राहतो, आम्हाला हे पाठ आहे. इथं रानडुकरांसाठी पीक संरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्यांना सुद्धा हा कायदा सुटत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडं नाव नोंदवायचं असतं, कलम ३४. गावात किती जणांनी नोंदवलंय ते विचारू नका.

जाता जाता: बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. उटीहून निवांत चहा पीत निघू नका. आणि म्हैसूर-बेंगळुरू नव्या रस्त्याच्या मुख्य मार्गिकेवर २०२३ पासून दुचाकीला बंदी आहे, बाजूच्या सर्व्हिस रोडनं जावं लागतं.


हँडलवर_हात:

बरं बाबांनो, माझी कमेंट मागे. पण हरियाणा-यूपीकडची पोरं रील्समध्ये कमरेला लावून फिरतात ती कशी काय?


माजी_सुभेदार:

रील बघूनच त्यांना उचलतात. हत्यार दाखवायची वस्तू नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात-वरातीत हवेत बार काढला, जिवाला धोका होईल असा, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तोही परवाना असताना. पूर्वी एका माणसाला परवान्यानं तीन हत्यारं ठेवता येत होती, आता दोनच. दिवस कुठल्या दिशेनं चाललेत ते ओळखा.


येरळाकाठ:

सगळ्यांचे आभार. काल सांगलीला कामासाठी गेलोच होतो, तर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारलं. सुभेदार काकांनी लिहिलं तेच जवळजवळ शब्दाशब्दाला ऐकायला मिळालं, चहा मात्र मिळाला नाही. क्षेत्रवाढीचा अर्ज मी धंद्याच्या कारणानं पुढं कधीतरी करीन, कारण कोइम्बतूरला माल न्यावाच लागतो. या सहलीसाठी नाही. रिव्हॉल्व्हर आणि राउंड (काडतुसं) दोन्ही निघायच्या आधी विक्रेत्याकडं जमा करतोय.

अण्णांना तिन्हीसांजा ताईंचा 'शुद्ध गेली तर' हा परिच्छेद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, गाडीच नेऊ नका, रेल्वेनं जावा. म्हणजे आता नवीन भांडण.

एक शेवटचं. परतताना मित्र दमला तर कोइम्बतूरहून गाड्या रेल्वेनं पाठवून आम्ही विमानानं येऊ असं घाटतंय. हत्यार विक्रेत्याकडं जमा आहे म्हटल्यावर विमानाला काही अडचण नाही ना?


माजी_सुभेदार:

हत्याराची नाही, पण निघायच्या आधी जी सॅक नेणार ती उलटी करून झटका. परवानाधारकांच्या बॅगेत, अस्तराच्या आत, कुठल्या तरी जुन्या खिशात एखादं काडतूस राहिलेलं असतं. विमानतळाच्या एक्स-रेमध्ये ते दिसतं आणि माणूस विमानाऐवजी ठाण्यात बसतो. अशा बातम्या नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा माणूस खरंच विसरलेला असतो. जमा करताना पावतीवर हत्याराचा नंबर आणि राउंडचा आकडा पुस्तकातल्या नोंदीशी ताडून घ्या, राउंड कमी भरले तर तिथंच कळेल कुठं शोधायचं ते. पावतीची एक प्रत घरी ठेवा. गाड्या रेल्वेनं टाकणार असाल तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, त्यासाठी पाइप आणि कॅन तिथंच मिळतो, पैसे आधी ठरवून घ्या.